ओकुदा साहेबांनी दिलेली तीन समुद्रचित्रे

मी, कौसल्या सोपान बंडगर, वय बहात्तर, राहणार भिगवण, तालुका इंदापूर, बुद्धी ठिकाणावर असताना व कोणाच्याही दडपणाशिवाय, माझ्यामागे काय कोणाकडे जावे ते लिहून ठेवते.

राहते घर व हायवेवरची खानावळ मुलगा रविराज याची. बँकेतील ठेव मुलगी स्वरूपा हिची. यावर दोघांनी वाद घालू नये.

आता चित्रे. बारामती एमआयडीसीतले जपानी इंजिनिअर ओकुदा साहेब दर रविवारी आमच्याकडे मासे खायला येत. मायदेशी परतताना त्यांनी आपल्या मावशीची तीन चित्रे मला दिली. त्या बाईने लाकडी फळ्या स्वतः कोरल्या, रंग लावून कागदावर स्वतः छापल्या. सर्वांत मोठ्या चित्रात समुद्र म्हणजे नुसता निळा पट्टा. त्यात फळीच्या लाकडाच्या रेषा उमटल्या आहेत, त्याच लाटा. काठाला काळा खडक, बाकी कागद कोरा. इतक्या थोडक्यात एवढे पाणी उभे करणारा हात मी दुसरा पाहिला नाही.

माझे यजमान सोपानराव यांचे गाव उजनी धरणात बुडाले. तेव्हापासून ते पाण्याकडे पाठ करूनच बसत. या चित्रासमोर मात्र थांबले.

"ह्या पाण्याखाली कुणाचं घर असंल का गं?"

"मला काय ठावं."

"असंल," म्हणाले. "चल, काठाला जाऊन यिऊ."

काठावर त्यांनी बोट करून दाखवले, "तितं आमची तालीम व्हती. पल्याड आईचं जातं." गाव बुडाल्यानंतर प्रथमच ते त्याविषयी बोलले. मग ते असेपर्यंत आम्ही रोज संध्याकाळी जात होतो.

चित्रांना काच बसवून घेतली तेव्हा माझे दीर लखन म्हणाले होते, "कोऱ्या कागदाला काच कशाला?" त्यांना माझी आरामखुर्ची द्यावी, पण ती चित्रांसमोरून हलवू नये.

तिन्ही चित्रे सून उत्कर्षा हिची. काच पुसताना ती मध्येच थांबून बघत राहते, हे मी पाहिले आहे. रविराजने ती लॅमिनेट करू नयेत, उन्हात लावू नयेत. बाळा, राग मानू नकोस.

उत्कर्षाने एकदा कोकणात जाऊन खरा समुद्र पाहून यावा. मी मुद्दाम गेले नाही. तो या चित्रांपुढे कमी पडेल, अशी मला भीती वाटत असे.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणेच आहे, म्हणून सही केली.

सही : कौसल्या सोपान बंडगर
आमच्यासमक्ष : १) दीपक रामचंद्र काळे २) राजलक्ष्मी विठ्ठल जगताप
भिगवण, दि. ११ फेब्रुवारी २०२५