तेवीस स्क्रिप्ट आणि एक खाट

चि. भाचेरावांस मावशीचा आशीर्वाद. (अनेक उत्तम, असं पुढे लिहायची पद्धत आहे; सध्या एकच आहे आणि तोही मध्यम.) तुझा खोकला गेला असेल, निदान वाफ तरी घेत असशील, असं धरून चालते. पत्र अशासाठी की फोनवर तू ‘हं, हं’ म्हणत दुसरंच काहीतरी टाइप करत असतोस. कागदाला हं म्हणता येत नाही.

आमची सामानाची खोली तुला माहीत आहे. निवृत्त झाल्यावर मी आणि दोन जुन्या नर्सेसनी ती चालू केली: वॉकर, चाकाच्या खुर्च्या, आणि डोक्याकडची बाजू हँडलने वर होणाऱ्या दोन खाटा, गरजूंना वापरून परत करायला. कुठली वस्तू कुणाकडे, हे मी अकरा वर्षं वह्यांत लिहीत होते. एक काठी कधी हरवली नाही. मग तू आलास, वह्या पाहून हसलास, आणि दोन दिवस बसून माझ्या कॉम्प्युटरवर त्या नोंदींची पानं करून दिलीस, शिवाय ती चालवणाऱ्या सूचनांच्या तेवीस फाइली, ज्यांना तू स्क्रिप्ट म्हणतोस. छान होती, नाही म्हणत नाही. त्या भरात मी वह्या रद्दीत घातल्या. आता तो कॉम्प्युटर किटलीसारखा आवाज करायला लागला, तर तुझा संदेश: ‘मावशी, सगळ्या फाइली भाड्याच्या सर्व्हरवर कॉपी कर, प्रत्येक स्क्रिप्टची पहिली ओळ तेवढी मी सांगतो तशी बदल, की झालं.’ झालं! डॉक्टरही असंच म्हणून निघून जातात आणि पुढचं नर्सेसनी निस्तरायचं.

तेवीसच्या तेवीस स्क्रिप्ट बदलल्या, कॉपी केल्या, पान उघडलं, तर ‘अंतर्गत चूक’. आणि पहिल्या ओळी बदलल्यामुळे जुन्या कॉम्प्युटरवरही काही उघडेना. कुणाच्या अंतर्गत? माझ्या वॉर्डात चूक करणारीने पुढे येऊन नाव सांगायचं, असा नियम होता.

आणि नेमके त्याच दिवशी, मंगळवारी, कोपऱ्यावरचे शिंपीकाका आले. काकूंच्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं, शुक्रवारी घरी सोडणार, आणि घरात जमिनीवरच्या गादीशिवाय काही नाही. आमच्या दोन्ही खाटा बाहेर. एक तरी कुणाकडे नुसती पडून असणार, पण कुणाकडे? आम्हा तिघींना मिळून आठ नावं आठवली, त्यांतली तीन वारलेली. काका रोज सकाळी येऊन बाकावर बसत, गळ्यात टेप तशीच. ‘दार मोजून ठेवलंय, बाई. खाट उभी धरली तर आत जाईल.’ मी ‘आज होईल’ म्हणायचे आणि त्यांच्याकडे बघायचं टाळायचे.

तुला सात फोन केले. (मीटिंग. माहीत आहे.) शेवटी सर्व्हरवाल्यांच्या मदतीच्या नंबरवर एक मुलगी मिळाली, आवाजाने गोड. म्हणाली, ‘आजी, फाइली पोचल्यात, पण त्यांना चालायची परवानगीच दिलेली नाही.’ हे मला पटलं. नवी नर्स हजर झाली तरी सही झाल्याशिवाय तिच्या हातात सुई देत नाहीत. परवानगी दिली. तरी चूक जागच्या जागी. ‘आजी, सर्व्हरला त्या वाचताच येत नाहीत.’ ‘अगं, मला चष्म्याशिवाय येतायत!’ तेव्हा तिने समजावलं की आपल्या कॉम्प्युटरवर ओळ संपली की दोन खुणा पडतात, सर्व्हरच्या पद्धतीत एकच. जास्तीची खूण आपल्याला दिसत नाही, सर्व्हर मात्र तिला ओळीचाच भाग समजतो. म्हणजे पत्ता बरोबर, पण शेवटी एक न दिसणारं अक्षर चिकटलेलं, आणि पोस्टमन दारावरून परत. हे तू मला आधी सांगायला नको होतंस? तिने बिचारीने तेवीस फाइलींतल्या खुणा काढल्या, शिवाय आणखी एक किरकोळ गोष्ट काढली, आणि गुरुवारी चार वाजता पान उघडलं.

खाट नंबर दोन निवृत्त न्यायाधीशांकडे! त्यांच्या आई केव्हाच बऱ्या होऊन मुलीकडे राहायला गेलेल्या. मी गेले तर साहेब स्वतः खाटेवर, डोकं वर करून पेपर वाचतायत. ‘मुदत वाढवून मिळेल का, बाई?’ मी म्हटलं, ‘उठा.’

शुक्रवारी काकूंना त्या खाटेवर निजवलं. हँडलचे तीन फेरे दिल्यावर त्यांना खिडकीबाहेर दोरीवर टांगलेले शिवणाचे कपडे दिसले, आणि चौदा दिवसांनी घरी आलेली बाई पहिलं वाक्य काय बोलली, तर ‘अहो, त्या शर्टाची कॉलर तिरकी बसवलीत.’ काका हँडल धरून तसेच उभे. पुढचं मी पाहिलं नाही. खोलीबाहेर कधी जायचं ते नर्सला कळतं.

तेव्हा यापुढे कुणाच्या वह्यांना हसू नकोस. लोभ आहेच, वाढवायचा की नाही ते उत्तर आल्यावर ठरवीन.

तुझी,
मावशी

ता. क. ती किरकोळ गोष्ट म्हणजे प्रत्येक स्क्रिप्टच्या वर सोडलेल्या दोन कोऱ्या ओळी. सर्व्हरला पहिली ओळ पहिलीच लागते म्हणे. कॉन्व्हेंटातल्या सिस्टर सांगत, वर दोन ओळी जागा न सोडता लिहायला लागते ती मुलगी उद्धट. तेवीस ठिकाणी मी सभ्यपणे सोडल्या. जास्तीच्या खुणाही फाइली माझ्या कॉम्प्युटरवर उघडून जपून ठेवल्यामुळेच पडल्या, असं ती मुलगी म्हणते. पण पत्र शाईने लिहून झालंय, त्यामुळे वरचा राग तसाच वाचावा.

आणखी एक. खाट नंबर एकही परत आली. पुढच्या महिन्यात नऊ तारखेला माझ्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. खाट माझ्या नावावर टाकायला बसले, तर ‘सोबतीला कोण’ हा रकाना भरल्याशिवाय पान पुढे सरकेना. सर्व्हरवाल्यांच्या त्या मुलीला विचारलं, म्हणाली, ही चूक नाही आजी, हा ज्याने पान केलं त्याचा नियम आहे. मग तुझं नाव टाकलं. जमणार नसेल तर तुझं तू खोड. मला खोडता येत नाही, आणि शिकायचंही नाही.