माहेरच्या ज्वारीचं नाव

पारूवैनी,

हे पत्र मी टाकणार न्हाई. आपल्या दगडी ज्वारीला जालन्याच्या नावानं भौगोलिक मानांकन मिळालं अन् तुमी ज्वारी इकणाऱ्या बायांच्या गटाच्या अध्यक्षीणबाई झालात, त्यात माझ्या कौतुकाची भर कशाला? पर आमचे मालक गेल्यापासून मला भांडायला तुमीच उरलात, म्हणून लिहायले.

माझ्या रानातलं बियाणं माहेरचंच. पर सासर पडलं बोरीला, जिल्हा परभणी. मानांकन जालन्यापुरतंच, म्हणून तुमाला चढा भाव, मला साधा. म्हणून पोती जीपमध्ये घालून तुमच्या दारात आणली. "वैनी, घाला तुमच्या पिशवीत. जिल्हा कोण इचारतंय?"

"वन्सं, पिशवीवर जालना छापलंय. एकदा खोटं सापडलं तर साऱ्या बायांचा भाव बसंल."

सख्ख्या नणंदेला तोंडावर न्हाई म्हणलात! मी चहा न पिता उठले. तर जीपपाशी येऊन म्हणता, "ज्वारी माघारी न्या, पर सुनेला धाडा. पिशव्या भरायला बाया कमी पडायल्यात."

माझा पंडित अन् सून राजेश्री दरसाल लेकराला घेऊन ऊसतोडीला जायचे. औंदा राजेश्री सकाळच्या जीपनं तुमच्याकडं येती, पंडित रान बघतो, अन् नातवाची शाळा बुडली न्हाई. वैनी, लय मोठं काळीज हाय तुमचं. समोर आले तर मात्र असं म्हणणार न्हाई.

काल नातू म्हणला, "आज्जे, कारखान्याला कवा जायचं?"

म्हणलं, "तुझी जालन्याची आज्जी सोडती का बघ!"

अजून रुसलेलीच,
तुमची नणंद कमल