भीमाशंकरचे सोमवार

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्यावरचा राग काही जात नाही.

नवरा वारल्यावर दवाखान्याच्या मागच्या खोलीत तुम्ही मला माझा एचआयव्हीचा रिपोर्ट सांगितलात. मी एवढंच विचारलं, "घरी काय सांगू?" संस्थेच्या प्रकल्पावर नर्स म्हणून आलेल्या तुम्ही, तुमच्याकडे उत्तर तयार होतं. "सांग, भीमाशंकरचे सोमवार धरलेत." मग आमच्या डिंगोरे गावातल्या, हाच आजार असलेल्या आम्ही पाच जणी महिन्यातून एका सोमवारी पुण्याला औषध आणायला जायला लागलो. तुमची जीप नारायणगावच्या स्टँडामागे उभी असायची. परतताना तुम्ही प्रत्येकीच्या पिशवीत गोळ्यांवर बेलाची पानं आणि अंगाऱ्याची पुडी ठेवायचात. श्रावणात शेजारणी सोबत येतो म्हणायच्या, तेव्हा पंचाईत व्हायची. "नवस एकटीनंच फेडायचा असतो म्हणावं," तुम्ही शिकवलंत. जीपमध्ये आम्ही पोट धरून हसायचो.

मग प्रकल्प संपला, जीप गेली, आणि पुढच्या वर्षी तुम्हीही वारलात. हे काम आता गावानं उचलावं, असं तुम्हीच म्हणायचात. म्हणून मी ग्रामसभेत उभी राहिले आणि आजारी बायांना पुण्याला न्यायला गाडी मागितली. सरपंच चिडले नाहीत. "ताई, आपल्या गावात तसलं पेशंट हायेच कुठं? एक तरी नाव सांगा, उद्या गाडी देतो." समोर आपल्या चौघी बसल्या होत्या, खाली बघत. मीही खाली बसले.

आमच्यातली सगळ्यात धाकटी त्या उन्हाळ्यात खंगली. तिला एसटीपर्यंत चालवेना, आणि तिच्या गोळ्या दुसरीच्या हाती मिळेनात. सोमवार चुकवू नका, असं मी तिच्या सासूला सांगायला गेले. सासू मायेची होती. "लई केलं पोरीनं देवाचं. आता नाय धाडायची. देव काय रागवत नाय." मी अंगणात उभी राहून मान हलवली. दोन महिन्यांत पोर गेली. तिरडीवर सासूनं तिच्या कपाळाला अंगारा लावला, तुम्हीच दिलेल्या पुडीतला.

तुमच्या युक्तीनं आम्ही जगलो आणि तुमच्याच युक्तीनं ती मेली. लपायला शिकवलंत, मग बाहेर कसं यायचं ते शिकवायला थांबायचं होतंत ना. इतकं खोटं गावाच्या गळी उतरवल्यावर गावानं कुणाची काळजी घ्यायची होती, देवाची?

तुमच्यावर चिडणं सोपं आहे, तुम्ही उलट बोलणार नाही. सरपंचांनी एकच नाव मागितलं होतं. माझं दिलं असतं तरी गाडी आली असती.

काल सून म्हणाली, "आई, या सोमवारी मीपण येते." नवस एकटीनंच फेडायचा असतो, असं मी तिला सांगितलं. हा कागद आता गोळ्यांच्या डब्याखाली ठेवते आणि वर अंगाऱ्याची पुडी.