कलम ८९ खाली

३ मार्च, सोमवार
माझ्या धाकट्या जावेने, उमाने, घातलेली केस कोर्टाने मध्यस्थीला पाठवली. तिचं म्हणणं, मी बागेतला दगडांचा गडगा दोन हात सरकवला आणि तिचं आंब्याचं कलम माझ्या हद्दीत घेतलं. सरकवला नाही. ती माहेरी केळशीला गेलेली तेव्हा वाकडा होता तो सरळ केला. कलम आत आलं त्याला मी काय करू?
ठरलं. मध्यस्थीत एक शब्द बोलायचा नाही.

८ मार्च
माझा वकील स्वरूप म्हणाला, काकी, कलम ८९ खाली बसून मिटवू. म्हटलं, दोघींची मिळून सात कलमं, हे एकोणनव्वदावं कुठलं आणलंस? आणि झाडाखालीच बसायचं तर कोर्टात कशाला? हसत सुटला मेला. शिकलेल्यांना नीट सांगता येत नाही.

१६ मार्च
जेवण जात नाही. भाऊजींना, उमाच्या नवऱ्याला, जाऊन तीन वर्षं झाली. ते कलम त्यांच्या हातचं. उन्हाळाभर विहिरीवरनं कळशीने पाणी आणून घालायचे. सारखं तेच डोळ्यांपुढे. ॲसिडिटी असणार.
उद्या तोंड उघडायचं नाही म्हणजे नाही.

१७ मार्च, दुपारी
उघडलं.
मध्यस्थ मॅडम म्हणाल्या, हे कलम तुम्हा दोघींच्या फायद्याचं आहे. मी म्हटलं, फायद्याचं असेल, पण लावलं भाऊजींनी. उमासाठी.
स्वरूपने कपाळाला हात लावला. मॅडम म्हणाल्या, अहो, मी कायद्याचं कलम म्हणत होते. उमा म्हणाली, राहू दे मॅडम, वहिनी बरोबर बोलल्या. आणि रडायला लागली. भांडली असती तर मला उत्तर तरी देता आलं असतं.
बाहेर स्वरूप म्हणाला, टेन्शन नको काकी, इथलं बोलणं कोर्टात धरत नाहीत, फिरवता येईल. म्हटलं, गप रे.

२४ मार्च
सही केली. गडगा दोन हात मागे, कलम उमाचं. स्वरूपला म्हटलं, मी मोठ्या मनाने सोडलं असं लिही. नाही लिहिलं.

२९ मार्च
गडगा मागे घेतला. धोंडे उचलायला उमा आपणहून आली. म्हणाली, वहिनी, तुम्ही सगळ्यांदेखत खरं बोललात, आता माझ्या मनात काही नाही. तुम्हीपण ठेवू नका.
दोन हात मोजून दिले.
सरळ केला तेव्हा तीन हात सरकला होता.
सांगणार होते. पण कागद झाला, सह्या झाल्या. आता कोर्टाला परत त्रास कशाला?