एलिचपूरच्या चुलीवरचं अगर

माय, आज अमरावतीच्या बाजारात एका अत्तरवाल्याने अगराचा इवलासा तुकडा निखाऱ्यावर टाकला, आणि मी भाजीची पिशवी त्याच्याच दुकानात विसरून घरी आले! तू जाऊन इतकी वर्षं झाली, पण आता या कागदावर तुझ्याशी बोलल्याशिवाय मी चूल पेटवणार नाही.

तेव्हा आपल्या गावाला सगळे एलिचपूरच म्हणत. आपला मोगरा विकत घेणाऱ्या अत्तरवाल्या चाचांना माझं लग्न जुळतंय असं कळलं, तेव्हा त्यांनी तुला आसामकडच्या अगराचं लाकूड भेट दिलं, वर अत्तर गाळायची स्वतःची तांब्याची जुनी डेगही दिली. वरपक्षाला लावायचं अत्तर तुझ्याच हातचं, असं तू ठरवूनच टाकलंस. लाकूड कुटून रांजणात भिजत घातलंस आणि ते आंबलं, माय, काय आंबलं! चाचांनी बजावलंच होतं, की चांगलं आंबल्याशिवाय त्यातलं तेल सुटत नाही. बाबा नाक धरून अंगणात जेवायचे. "उकिरड्यावर फेक थे!" असं रोज म्हणायचे, आणि तू रोज हसायचीस.

अमरावतीचे पाहुणे बोलणी पक्की करायला आले, ते नेमके डेग चढल्यावर. आच मधेच तुटली तर सगळं वाया, म्हणून चूल विझवायला तू काही तयार नव्हतीस. बैलांच्या दमणीतून उतरल्या उतरल्या मुलाच्या आईने पदर नाकाला लावला. "बाई, घरात काई मेलं काय वो?" बाबांचा चेहरा पांढराफटक! तू मात्र शांतपणे म्हणालीस, "मेलं नाई वो, अत्तर होऊन राह्यलं. बसा." त्या काही बसल्या नाहीत. नवऱ्याला खुणेनेच निघू या म्हणाल्या. आणि तेवढ्यात आत चर्रर्र आवाज झाला. डेगीचं तोंड तू कापूस घालून आपल्या काळ्या मातीने लिंपलं होतंस. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढी भेगाळणारी ती माती, ती आचेवर काय टिकणार? वाफ छपराकडे निघाली. "पोरी, कणीक आन! कणीक!" पाहुण्यांच्या पोळ्यांसाठी मळलेला अख्खा गोळा तू भेगेवर थापतेस, मी ओल्या फडक्याने दाबून धरते, बोटं भाजतात, डोळ्यांतून पाणी वाहतं, आणि तू ओरडतेस, "सोडू नको!" मी सोडलं नाही. पाहुण्यांना भाकरीवर भागवावं लागलं, तेही बाबांनी हातापाया पडून थांबवलं म्हणून.

बांबूच्या नळीतून वाफ खाली ठेवलेल्या भांड्यातल्या चंदनाच्या तेलात उतरत राहिली. संध्याकाळी ते तेल कापसाच्या बोळ्यावर घेऊन तू थेट त्या बाईंच्या मनगटाला लावलंस. त्यांनी हुंगलं. परत हुंगलं. मग बाबांकडे वळून म्हणाल्या, "पोरगी तं आमी नेतोच. पन हे कुपीत भरून देता काय?" माझा आनंद तर गगनात मावेना.

एक मात्र तुला कधी सांगितलं नाही. लग्न मोडेल म्हणून पोर रडतेय असं वाटून त्या दिवशी तू माझ्या पाठीवरून हात फिरवलास. माय, लग्न गेलं खड्ड्यात, असंच माझ्या मनात होतं! तेवढं अत्तर उतरू दे, एवढंच मी देवाजवळ मागत होते. हा कागद आता लुगड्यांच्या तळाशी दडवते. तुझे जावई ओसरीवर बसले आहेत, आणि त्यांना चांगलं वाचता येतं.