मऊ थांब्यापूर्वीची निरवानिरव

मी, हजेरीपटावर जे काही नाव असेल ते असो, पण कारखान्यात ज्याला झाडून सगळे 'भिंगरी' म्हणतात तो. वय वर्षे सव्वीस. शिक्षण नववी, तीही वार्षिक परीक्षेच्या आदल्या दिवसापर्यंत. धंदा रोलर कोस्टर बनवणाऱ्या कारखान्यात फिटर. आज बुधवारी, दुपारचं जेवण झाल्यावर, डोकं ठिकाणावर असताना आणि कोणीही दम दिलेला नसताना, स्टोअरमधल्या खिडकीजवळच्या टेबलावर बसून लिहून ठेवतो की माझ्यामागे माझ्या चीजवस्तूंची विल्हेवाट पुढे लिहिल्याप्रमाणे लावावी.

हे आजच का, तर उद्या सकाळी दहा वाजता आमच्या नव्या कोस्टरवर पहिल्यांदा माणसं बसणार आहेत. आमच्याकडे रीत आहे की जो बनवतो तो आधी बसतो, आणि घरच्यांना घेऊन बसतो. मालक म्हणतात, "घरची माणसं बसणार म्हटलं की नट आपोआप घट्ट होतात." मालक स्वतः बसत नाहीत. त्यांचा कान दुखतो. गेली अकरा वर्षं बरोबर पहिल्या फेरीच्याच दिवशी दुखतो. बसणाऱ्याला एक फॉर्म भरावा लागतो आणि त्यात 'वारसाचे नाव' लिहायला बोटभर जागा आहे. मी स्टोअरकीपरकाकांना म्हटलं, एवढ्यात माझं मावायचं नाही. ते म्हणाले, "मागे कागद जोड. टाचणी मात्र वहीत सही करून ने."

तर हा तो कागद. उद्या पहिल्या रांगेत माझ्या शेजारी माझी भाची बसणार आहे, वय अकरा. हे वाचणाऱ्याने ध्यानात ठेवावं, कारण पुढे कलम सहा आहे. मला ते आधी लिहायचं होतं, पण हात वळत नाहीये.

कलम १. माझी खोली पंक्चरच्या दुकानावर आहे आणि भाड्याची आहे, त्यामुळे ती देण्याचा मला अधिकार नाही. आत एक कोस्टरची बाद झालेली सीट आहे, खांद्यावरून खाली येणाऱ्या दांडीसकट. मी तीत झोपतो. दांडी लावली की माणूस सकाळी जागेवर सापडतो. ताईने मला पहिल्यांदा तसं झोपलेलं पाहिलं तेव्हा म्हणाली, "ही लहानपणी मिळाली असती तर आईचे पाय वाचले असते." सदर सीट ताईला.

कलम २. हत्यारं. पाने, हातोडी, पट्ट्या वगैरे जोडणी विभागात ज्याला जे हाती लागेल ते. तसंही आत्ता निम्मं त्यांच्याकडेच आहे. मात्र ठरावीक जोर लागला की 'कट्' वाजणारा पान्हा वेल्डरमावशींना. मावशी म्हणजे आमच्या सगळ्यांत जुन्या वेल्डर, ज्यांचा जोड आजवर उकललेला नाही. मी नवा होतो तेव्हा हा पान्हा 'कट्' वाजल्यावरही पिळत होतो. त्यांनी मुखवटा वर करून विचारलं, "काय रे, समोरचा 'पुरे' म्हणाला तरी तू वाढतच राहतोस का?" तेव्हापासून मी त्यांना मानतो. त्याआधी मी जत्रेतल्या आकाशपाळण्यावर होतो, आणि तिथला म्हातारा चालक जेवायला बसताना पाळणा थांबवायचा. वर बसलेले वरच. कोणी ओरडलं तर म्हणायचा, "वारा खा, मी भात खातो." पण ते असो.

कलम ३. पत्र्याचा डबा. चाचणीच्या वेळी कोस्टरखाली पडलेल्या वस्तू मी यात जमवल्या आहेत: एका पायाच्या सात चपला, एक कवळी, एक केसांचा टोप, आणि एका माजी सुपरवायझरचा राजीनामा, जो त्यांनी वरच्या वळणावर निश्चित केला असावा. सर्व स्टोअरकीपरकाकांना. त्यांनी प्रत्येक वस्तूची वेगळी पावती करावी. तेवढंच सुख.

कलम ४. ताईच्या यजमानांना, म्हणजे भावजींना, काहीही देऊ नये. कारण असं: चौदा महिन्यांपूर्वी मला इथे काम लागलं तेव्हा ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "हे यंत्र कितीही गरगरलं तरी निघालं तिथे परत येतं. याच्याकडून काहीतरी शिकेल." तेव्हा भावजी पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "यंत्राला रूळ असतात." आणि भाचीला म्हणाले, "मामाकडून लाड करून घे, पण त्याच्या भरवशावर कुठे बसू नकोस." हे वाक्य मी चौदा महिने दातांत अडकलेल्या काडीसारखं सांभाळलंय. ते खोटं ठरवायला मी उद्याच्या पहिल्या रांगेचा पास मागून घेतला. कोस्टरवर बसायला उंची एकशे तीस सेंटीमीटर लागते. भाची दर रविवारी दारामागे पाठ लावून पेन्सिलीने रेघ मारून घेते. गेल्या रविवारी एकशे एकतीस भरली. पेन्सिल कानावर ठेवून सबंध इमारतीत सांगून आली.

कलम ५. मालकांना काय द्यावं हा प्रश्न आहे, कारण आमच्या कारखान्याची सगळी मिळकत म्हणजे शोध, आणि शोध सगळे त्यांच्या नावावर आहेत. ते कसे लागले हे कुठेतरी नोंदलं जावं. एकदा जोडणीत डबे उलटे बसले आणि पाहुण्यांसमोर गाडी पाठमोरी निघाली. मालक जागचे हलले नाहीत. म्हणाले, "हा आमचा 'मागे वळून पाहा'." तीन उद्यानांनी लगेच मागणी नोंदवली. एकदा चढावर साखळी अडकली आणि माणसं ऐन टोकावर लटकली. त्याचं नाव 'क्षणभर विश्रांती'. आता तेवढ्यासाठी खास अडकणारी साखळी बनवतो. आमच्याकडे चूक आणि शोध यांत एवढंच अंतर आहे की चूक झाल्यावर मालक किती लवकर बोलतात. मालकांना माझ्याकडून कापसाचा एक बोळा द्यावा, कानात घालायला.

कलम ६. आता हे.

माणसं बसवण्याआधी गाडीत पाणपुतळे बसवतात. माणसाच्या आकाराच्या, निळ्या प्लॅस्टिकच्या चोवीस टाक्या. त्या सीटवर बांधायच्या आणि मानेतून नळीने पाणी भरायचं, छातीवरच्या लाल रेघेपर्यंत, की एकेकाचं वजन धडधाकट माणसाएवढं होतं. मग गाडी सोडायची आणि ब्रेक तिला कुठे थांबवतात ते बघायचं. गेल्या गुरुवारी पुतळे भरायचं काम माझं होतं. नळाची धार करंगळीएवढी. पुतळे सरळ बसावेत म्हणून आधी सगळ्यांत गुडघाभर पाणी घातलं, मग एकेक भरत निघालो. नववा भरला आणि फाटकाबाहेर एक ट्रेलर वळणावर अडकला. मी दोन वर्षं ट्रकवर क्लीनर होतो. अडकलेला ट्रेलर पाहिला की माझे पाय माझे राहत नाहीत. "येऊ दे, येऊ दे, बस" करत त्याला काढला. ड्रायव्हर म्हणाला, चौकापर्यंत चल. चौकात गेल्यावर पुढच्या पुलाचा विषय निघाला.

दोन तासांनी परतलो तर कोणीतरी शहाण्या माणसाने सगळ्या पुतळ्यांची झाकणं नीट लावून टाकली होती आणि गाडी साखळीवर चढायच्या बेतात होती. स्टोअरकीपरकाकांनी पत्रक पुढे केलं. "चोवीस भरले?"

मी म्हटलं, "भरले."

आणि सही केली. भरले होते नऊ.

गाडी आली आणि ठरल्या खुणेच्या दोन मीटर आधीच अलगद थांबली. गाडीचा आराखडा आणि सगळं गणित इंजिनिअरबाईंचं. त्या खुणेपाशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हे बसत नाही. एवढ्या वजनाला ती इथवर यायला हवी."

मालक म्हणाले, "बाई, गणित तुमचं, ब्रेक माझे. हा आमचा 'मऊ थांबा'." संध्याकाळपर्यंत माहितीपत्रकावर छापून आलं. दुसऱ्या दिवशी मालकांनी हुकूम काढला की ब्रेक गरजेपेक्षा जास्त आहेत, तेव्हा शेवटच्या दोन जोड्या काढून पुढच्या कोस्टरला लावा. त्या मीच काढल्या, या हातांनी. उद्या त्या ब्रेकांपुढे पुऱ्या वजनाची चोवीस खरी माणसं येणार. प्लॅटफॉर्मच्या पलीकडे, त्याच रुळावर, आमची दुसरी गाडी फुगे लावून शोभेला उभी आहे.

बाई सहा दिवस तीच पानं पुन्हा पुन्हा करत आहेत. परवा चहाच्या वेळी म्हणाल्या, "माझंच कुठेतरी चुकतंय रे भिंगरी. वय झालं असेल." मी म्हणालो, "होतं असं कधी कधी, बाई." माझ्या आयुष्यात मी बऱ्याच ठिकाणांहून न सांगता निघून गेलो, पण इतकं लाजिरवाणं कुठेच वागलो नाही.

बोललो नाही, कारण हे पहिलं काम जे मला सोडून जावंसं वाटलं नाही. आणि दारामागची ती रेघ.

कलम ७. इंजिनिअरबाईंना त्यांचे दोन मीटर परत करावेत. त्यांचं गणित पहिल्या दिवसापासून बरोबर होतं. हे सर्वांसमोर, माहितीपत्रकाएवढ्याच मोठ्या अक्षरांत सांगावं.

येणेप्रमाणे हे माझे पहिले व शेवटचे लिहून ठेवणे आहे. याआधी मी कोणाला काहीच लिहून दिलेले नाही. चाचणीपत्रकावरची ती एक सही सोडून.

साक्षीदारांच्या सह्या घेताना जे घडले ते, नोंदीसाठी:

स्टोअरकीपरकाका पेन उघडून म्हणाले, "सही कुठे?"

वेल्डरमावशींनी कागद ओढून घेतला. काका म्हणाले, "साक्षीदाराने वाचायचं नसतं, मावशी. याने आपल्यासमोर सही केली, एवढंच बघायचं."

"मी न बघता जोड मारत नाही," मावशी म्हणाल्या आणि वाचू लागल्या. कवळीपाशी हसल्या. कलम सहा वाचून झालं तेव्हा चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"हे कधी उघडायचं?"

"मी गेल्यावर," मी म्हणालो.

"आणि तुझ्या मागच्या रांगांतल्यांनी कधी उघडायचं? माझा मुलगा-सून चौथ्या रांगेत आहेत."

मी म्हणालो, "मनातून काढून टाकावं म्हणून लिहिलं."

"मनातून काढून माझ्या हातात दिलंस. मेल्या, हे मृत्युपत्र नाही, ही चिठ्ठी आहे, आणि ती आजची आहे. बाई वरच्या मजल्यावर बसल्यात. तू जातोस की मी जाऊन वाचून दाखवू?"

काका चाचणीपत्रकांची फाइल काढून माझ्या सहीकडे बघत होते. हळूच म्हणाले, "मी झाकण उघडून बघायला हवं होतं. सही होती म्हणून बघितलं नाही."

जिना तेवीस पायऱ्यांचा आहे. मध्ये खिडकी लागते आणि तिच्यातून फाटकाबाहेरचा रस्ता दिसतो. मी खिडकीपाशी थांबलो नाही.

पुरवणी, गुरुवार, दुपार:

पहिली फेरी पुढे ढकलली. बाईंनी मला एका शब्दानेही सुनावलं नाही. फक्त नळी हातात दिली. आज पहाटेच नळापाशी बसलो आणि चोवीसच्या चोवीस पुतळे लाल रेघेपर्यंत भरले. चार तास लागले. एका जागी इतका वेळ मी जागेपणी प्रथमच बसलो. प्रत्येक झाकण मावशींनी उघडून पाहिलं, काकांनी पाहिलं, मग पत्रकावर टिंब केलं.

मालक कुरकुरले. म्हणाले, "शोध सिद्ध झालेला आहे. ब्रेक आता आहेत तसेच राहतील." बाई म्हणाल्या, "राहू द्या. दुसरी गाडीही राहू द्या. फक्त माणसं लांब उभी करा."

दहा वाजता गाडी सोडली. ती ब्रेकांवरून आली, खुणेवर थांबली नाही, प्लॅटफॉर्मवरून तशीच पुढे गेली आणि दुसऱ्या गाडीवर आदळली. फुगे फुटल्याचा आवाज आधी आला. पहिल्या रांगेतल्या उजव्या पुतळ्याची, म्हणजे माझ्या जागेवरच्याची, छाती फाटली. डाव्याची मान तुटून खाली पडली. पाणी बराच वेळ वाहत होतं.

मालकांनी घसा खाकरला. त्यांची सवय आहे. म्हणाले, "याला आपण..."

"याला अपघात म्हणतात," बाई म्हणाल्या.

मालकांनी कानावर हात ठेवला. आज खरोखर दुखत असावा.

माझं काम राहिलं की गेलं हे सोमवारी ठरेल. तोवर नळ बाईंनी माझ्याकडे ठेवला आहे. काढलेले ब्रेक पुन्हा बसवून, पूर्ण भरलेल्या पुतळ्यांच्या दहा फेऱ्या झाल्याशिवाय माणूस बसणार नाही, असं त्यांनी फळ्यावर लिहिलं आहे. खाली गाडी कुठे थांबायला हवी तो आकडाही आहे, माहितीपत्रकापेक्षा मोठ्या अक्षरांत. कलम सात माझ्या हयातीतच पुरं झालं, ते रद्द समजावं.

कलम चार बदलतो. डाव्या पुतळ्याचं तुटलेलं डोकं मी ताईच्या घरी नेलं आणि भावजींसमोर ठेवून सगळं सांगितलं. ते पेपर बाजूला ठेवून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "पुढच्या वेळी किती पुतळे भरले ते मला फोन करून सांग." भावजींना माझा पहिल्या रांगेचा पास द्यावा.

भाची रुसली आहे. तिने दाराला पाठ लावली आणि पुतळ्याचं डोकं शेजारी धरून विचारलं, "मामा, दहा फेऱ्यांना किती दिवस लागतील?" मी म्हटलं, महिना तरी. ती म्हणाली, "मग तोवर मी एकशे बत्तीस." माझ्या बाकी सर्व वस्तूंची वारस तीच. फॉर्मवरच्या बोटभर जागेत तिचंच नाव घातलं आहे. ते मावलं.

ठिकाण: कारखान्याचं स्टोअर, खिडकीकडे पाठ करून.

लिहून ठेवणार: भिंगरी (सही, जे लिहिलं ते आधी मोजून).

साक्षीदार पहिली: वेल्डर. कलम एक ते सात आणि पुरवणी वाचली.

साक्षीदार दुसरा: स्टोअरकीपर. नोकरीत एकतीस वर्षे झाली. सही करण्यापूर्वी वाचले, प्रथमच. टाचणी एक दिली.