दोघांपुरतं पाणी

३ एप्रिल

चि. भाऊ यास,
अ. उ. आ.

धाकटीला जाऊन महिना झाला आणि तुझ्या चिठ्ठीत काय, तर ‘टब आला आहे.’ अरे, कसला टब? मग आठवलं. कंबरेच्या दुखण्यासाठी तिने गरम पाण्याचा टब मागवला होता, तोच ना? बायको गेल्यावर टब दारात यावा, काय म्हणावं याला!

खोकं उघडलं नसेल तर कंपनी महिनाअखेरपर्यंत परत नेते, हे तूच लिहिलंयस. मग देऊन टाक, घराला कुलूप लाव आणि इकडे ये. मागची खोली रिकामीच आहे. जेवतोस का? खरं लिही. नुसतं ‘ठीक आहे’ चालायचं नाही.

माया आहेच, ती मागायला लागू नये.
तुझी ताई

१० एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

जेवतो. पुढे ‘ठीक आहे’ लिहिणार होतो, पण तू मनाई केलीस.

टब परत द्यायचा म्हणजे फोन करा, कारण सांगा. ते जमलं नाही. काल गवंडीच दारात हजर झाला. हिनेच त्याला नऊ तारीख देऊन ठेवली होती. ओटा कुठे घालू, असं त्याने विचारलं. गच्चीवर, म्हटलं. भरलेला टब दीड टनाचा, स्लॅब घेणार नाही, म्हणाला. झाडाखाली म्हटलं, तर पानं पडतील, म्हणाला. मग त्याला मागच्या दाराबाहेर वेताची खुर्ची दिसली.

तुला माहीत नसेल, जागा ठरवायला ही चार दिवस ती खुर्ची घेऊन अंगणभर फिरत होती. एकेका जागी तासभर बसायची. वारा कुठून येतो, शेजारणीच्या खिडकीतून दिसतं का, सगळं बघायची. शेवटी दारापासून सात पावलांवर खुर्ची टेकली आणि म्हणाली, मला एवढंच चालवतं. तेव्हापासून खुर्ची तिथेच होती. गवंड्याने तिच्याभोवती खडूने चौकोन आखला आणि खुर्ची उचलून भिंतीला लावली.

मला काहीच वाटलं नाही, ताई. जन्मभर घरांचे नकाशे काढले, पण ओट्याची पातळी बघायला पाणसळ त्यानेच लावली, मी नुसता उभा. माझा दगड झालाय. रडूही येत नाही.

लोभ असू दे. सध्या तेवढंच मागता येतं.
तुझा भाऊ

१४ एप्रिल

चि. भाऊ यास,
अ. उ. आ.

आधी चिडलेच. गवंड्याला नको म्हणायला तोंड नव्हतं का तुला? मग वाचता वाचता खुर्चीपर्यंत आले आणि चष्मा काढून ठेवावा लागला. धाकटी तशीच. टेबलावरचा दिवासुद्धा चार ठिकाणी ठेवून बघायची आणि आपल्याला वैताग आणायची.

ओटा झालाच आहे तर टब बसव. पण आत बस. बसवून झाकून ठेवलास तर मी येऊन तुला बखोटीला धरून घेऊन जाईन, सांगून ठेवते. मला भीती वाटते रे. तू रडत नाहीस, याचीच जास्त वाटते.

रागावले तरी तुझीच,
ताई

२२ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

टब बसला. वायरमनने स्वतंत्र लाइन ओढून दिली. पाणी भरताना टबवाल्याने विचारलं, रोज कितीजण बसणार. माझ्या तोंडून निघून गेलं, दोघं. माणसं बसली की पाणी चढतं, म्हणून त्या अंदाजाने कमी भरायचं असतं, म्हणाला. त्याने कडेला खूण केली, तिथवर भरलं आणि गेला. आपण काय बोललो, हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

काल सकाळी तुझ्या धाकाने आत बसलो. पाणी छान गरम होतं, पण खांदे तीन बोटं उघडे. गार वारा लागत होता. मी पाणी वर यायची वाट बघत बसलो. अर्धा तास तरी बसलो असेन. आणि मग कळलं, ते का येत नाहीये.

ताई, इतका मोठ्याने रडलो की शेजारणीने खिडकी लावून घेतली.

टबवाल्याला फोन केला. तो म्हणाला, तीन बोटं पाणी तुम्हीच वाढवा, दोन मिनिटांचं काम. पाइप नळाला जोडून ठेवलाय. नळ सोडवत नाही.

तुझा भाऊ

२५ एप्रिल

चि. भाऊ यास,
अ. उ. आ.

रडलास, बरं झालं. शेजारणीचं मी बघते.

पत्र वाचल्यावर पहिलं मनात आलं, मीच येऊन तुझ्या शेजारी बसते, पाणी आपसूक चढेल. माझं आकारमान बघता चढून अंगणातही जाईल! पण मी निघाले की ते पुन्हा उतरणार आणि तू पुन्हा वाट बघत बसणार. तसं नको.

शुक्रवारी दुपारच्या गाडीने येतेय. मागची खोली झाडून ठेवली होती, ती राहू दे तशीच. तू तुझ्याच घरी राहा. सात पावलं माझे गुडघेही चालतील. ती खुर्ची भिंतीपासून काढून टबाजवळ ठेव, मला बसायला लागेल. पाणी एकट्यापुरतंच भरायला हवं, भाऊ. तू आत बसून राहा. नळ मी सोडते.

बाकी भेटीत.
तुझी ताई